विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप घेताना: विदर्भातल्या गावांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की जून ते ऑगस्ट हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे क्रमांक सांगितला आहे. किमती ढोबळ समजा. २०२५च्या अखेरीपासून रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) यांचे भाव चढले, त्यामुळे घेण्याच्या आठवड्यात भाव पुन्हा पाहा.

१. सगळं तर मोबाइलवर होते. पोराला लॅपटॉप खरंच लागते काय?

अकरावी-बारावीला बहुतेकांचं मोबाइलवर भागतं. व्हिडिओ, प्रश्नसंच, प्रवेशाचे फॉर्म, महाडीबीटीचा अर्ज, सगळं होतं. सीईटी केंद्रावरच्या संगणकावर होते आणि नीट कागदावर. नुसत्या तयारीसाठी लॅपटॉप घेऊ नका. तो पैसा खोलीभाड्याला आणि मेसला लागेल.

लॅपटॉप लागतो तो प्रोग्रॅमिंग, एक्सेल, टॅली, ड्रॉइंग आणि प्रोजेक्ट रिपोर्ट सुरू झाल्यावर. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात कॉलेजची लॅब असते. प्रवेशाच्या दिवशीच लॅपटॉप पाहिजे असं काही नाही. विभागातल्या सरांना आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, कोणतं सॉफ्टवेअर चालवावं लागतं ते लिहून घ्या, मग दुकान गाठा.

२. कमीत कमी काय असलं पाहिजे?

८ जीबी रॅम आणि ती पुढे वाढवता येईल असा स्लॉट. ५१२ जीबी एसएसडी; पैसे फारच कमी असतील तर २५६. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा पडदा, आणि जमल्यास आयपीएस पॅनल. ज्याची स्क्रीन थोडी वर-खाली केली की रंग उलटेपालटे दिसतात, तो टीएन पॅनल. चार वर्षं त्याकडे बघायचं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. चालणारा वेबकॅम, कारण ऑनलाइन परीक्षा आणि मुलाखतीला तो लागतोच. यूएसबी-सी पोर्टवरून चार्ज होत असेल तर फार उत्तम. त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

प्रोसेसरचं स्वतंत्र उत्तर प्रश्न ४ ला आहे. टचस्क्रीन, बोटाचा ठसा, रंगीत दिव्यांचा कीबोर्ड यांच्यासाठी जास्तीचा एक रुपया देऊ नका.

३. किती पैसे धरायचे? आणि घ्यायचा केव्हा?

चार वर्षं टिकेल असा नवा लॅपटॉप साधारण ३५ ते ४५ हजारांत बसतो. कंपन्यांनी वापरून काढलेला चांगला जुना १८ ते २५ हजारांत मिळतो (प्रश्न ७). ३५ हजारांखालचा नवा घेऊ नका.

आपल्याकडची खरी अडचण वेळेची असते. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये आणि सोयाबीन, कापसाचा चुकारा दिवाळीच्या मागेपुढे. त्यामुळे पोळ्याच्या आधी महागड्या हप्त्यावर लॅपटॉप घेतला जातो. पहिलं सत्र लॅबवर काढता येत असेल तर दसरा-दिवाळीच्या सवलतीपर्यंत थांबा. भावही बरा मिळतो आणि रोख रक्कमही हाताशी असते. थांबणं शक्यच नसेल तर प्रश्न १७ वाचा.

४. दुकानदार म्हणते आय५ आहे, डोये झाकून घ्या. घेऊ काय?

डोळे उघडे ठेवा आणि आय५च्या पुढचा आकडा वाचा. इंटेलमध्ये त्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. आय५ ७२००यू म्हणजे सातवी पिढी, २०१६ची चिप, दोन कोअर (कोअर म्हणजे चिपमधले एकाच वेळी काम करणारे भाग). आय३ १२१५यू म्हणजे बारावी पिढी, सहा कोअर. इथे आय३ हा आय५ला सहज मागे टाकतो. आता इंटेलने ‘आय’ काढून ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ अशीही नावं दिली आहेत. त्यातला कोअर ३ १००यू विद्यार्थ्याला पुरेसा आहे.

एएमडीची गंमत वेगळी आहे. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहा. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना जुनी झेन २, कोअर चार. ७५३०यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३ आणि कोअर सहा. दोघांवरही ‘रायझन ५’चंच स्टिकर असतं. शिवाय ७३२०यू आणि ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ८ जीबीचा घेतला तर मरेपर्यंत ८ जीबीच.

बिलावर किंवा खोक्यावर पूर्ण आकडा नसेल तर मशीन चालू करायला लावा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडलं की प्रोसेसर आणि रॅम दोन्ही दिसतात.

५. वीस हजारात नवाकोरा मिळून रायला. त्यात काय खराबी आहे?

या किमतीत सहसा सेलेरॉन एन४०२० सारखी दोन कोअरची चिप, ४ जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी येते. ईएमएमसी म्हणजे मोबाइलच्या मेमरीसारखी, बोर्डावर डकवलेली साठवण. ती एसएसडीपेक्षा बरीच मंद असते आणि बिघडली तर बदलता येत नाही. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते, म्हणजे ६४च्या मशीनवर पहिल्याच मोठ्या अपडेटला ‘जागा नाही’ म्हणून गाडी अडते. जाहिरातीत ‘६४ जीबी स्टोरेज’ असं मोघम लिहिलेलं असतं, एसएसडी हा शब्द मुद्दाम नसतो.

त्याच पैशात जुना बिझनेस लॅपटॉप दहापट कामाचा ठरतो.

६. ५१२ जीबी सांगितली, दिसते ४७६. रॅमही ८ च्या जागी ७.३ दिसते. फसवलं काय?

नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ५१२ चे ४७६ होतात. रॅममधला थोडा भाग प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःकडे राखून ठेवतं. मात्र ५१२ च्या जागी २३८ दिसत असेल तर आत २५६ चीच एसएसडी आहे, लगेच परत करा.

७. जुना, म्हणजे रिफर्बिश्ड घ्यावा की नाही?

घ्यावा, पण कंपनीच्या वापरातला बिझनेस मालिकेचा. लेनोव्हो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही मॉडेलं भाडेकरार संपल्यावर ढिगाने बाजारात येतात. यांची बांधणी दणकट असते, खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं, रॅमचे दोन स्लॉट असतात आणि सुटे भाग नागपूर-अमरावतीच्या दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. गावाकडे हे सगळ्यात मोलाचं. बोर्डावर सगळं डकवलेला चकचकीत पातळ लॅपटॉप बिघडला की तालुक्याच्या गावी कोणी हात लावत नाही.

आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका. त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही (प्रश्न ९). आणि जुन्याची बॅटरी संपत आलेली असते असंच धरून, नव्या बॅटरीचे पैसे किमतीत मिळवून भाव करा.

८. जुना पाहायला गेलो तर दुकानात नेमकं काय काय तपासायचं?

अर्धा तास हातात ठेवून जा. सोबत मोबाइलचं हॉटस्पॉट, एक पेन ड्राइव्ह आणि इअरफोन न्या.

आधी मशीन बंद असताना सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेलं असेल तर आतली बॅटरी फुगली आहे; तिथेच सोडा. बिजागरी सावकाश उघडा, कोपऱ्यात तडा किंवा कटकट आवाज नको. चार्जरची पिन हलकेच हलवा, चार्जिंग तुटत असेल तर पोर्ट सैल आहे.

चालू केल्यावर लगेच बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जा; लेनोव्होला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. तिथे पासवर्ड मागितला तर घेऊ नका, तो काढणं तालुक्यातल्या माणसाच्या हातचं काम नाही. बायोसमधला सिरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर बोर्ड बदललेला आहे, किंवा माल चोरीचा.

आता बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते, तिचा पत्ता पडद्यावरच दिसतो. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० आहे, तर बॅटरी ६२ टक्के उरली. ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा भाव वजा करून बोला. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. दोन्हींचे आकडे पाहा.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ते आरोग्य टक्क्यांत दाखवतं. ‘कॉशन’ असा पिवळा इशारा आला की एसएसडी बदलून मागा.

शेवटी चार्जर काढून वीस मिनिटं व्हिडिओ लावा. तेवढ्यात प्रत्येक की दाबून बघा, कॅमेरा, माइक, दोन्ही यूएसबी, इअरफोन तपासा. पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून डाग शोधा. वीस मिनिटांत बॅटरी ३० टक्क्यांनी उतरली, तर वरचा अहवाल काहीही म्हणो, ती बॅटरी गेली.

एक सापळा राहतोच. काही मशीन जुन्या कंपनीच्या यादीतून काढलेली नसतात. दुकानात छान चालतात; घरी रिसेट करून इंटरनेटला जोडली की परक्या कंपनीचं लॉगिन मागतात. म्हणून दुकानदाराला समोरच रिसेट करून, नेट जोडून, तुमच्या खात्याने चालू करायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर समजून घ्या.

९. घरी विंडोज १० चा जुना लॅपटॉप पडला आहे. चालन काय?

विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. पुढे काय, ते प्रोसेसरवर ठरतं. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची असेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) चालू असेल तर विंडोज ११ टाका. टीपीएम बहुधा असतं, बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं.

त्याहून जुन्या मशीनवर हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, रॅम ८ करा आणि लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाका. प्रोग्रॅमिंग, ब्राउझर, लिबरऑफिस यांना एवढं पुरतं. टॅली किंवा ऑटोकॅड लागणार असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका.

१०. कोणत्या शिक्षणाला कसला लॅपटॉप?

बीए, बीकॉम, बीएस्सी, डीएड-बीएड, स्पर्धा परीक्षा: प्रश्न २ मधला किमान पुरतो, जुना आणखी बरा. टॅलीला फार ताकद लागत नाही.

बीसीए, बीसीएस, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: ग्राफिक्स कार्ड लागत नाही, रॅम लागते. अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझर एकत्र उघडले की ८ जीबी गुदमरते. १६ घ्या, किंवा ८ घेऊन रिकामा स्लॉट ठेवा. मशीन लर्निंगसाठी महाग कार्ड घेण्याआधी गुगल कोलॅबवर (ब्राउझरमधून गुगलचे संगणक वापरायची सोय) काम भागतं का ते पाहा. पदवीच्या अभ्यासाला बहुधा भागतं.

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर: इथे खरा खर्च आहे. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं आणि मोठ्या असेंब्लीला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. तरीही पहिल्या दोन वर्षांचं साधं ऑटोकॅड १६ जीबी रॅम आणि चांगल्या प्रोसेसरवर निघतं. तिसऱ्या वर्षी गरज पाहून ठरवा.

बीएस्सी कृषी: एक्सेल, आर (आकडेवारीसाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठी). ८ जीबीवर चालतात. फिल्डवर न्यायचा असल्याने वजन दीड-पावणेदोन किलोच्या आत आणि बॅटरी चांगली, हे दोन निकष वर ठेवा.

११. ऑनलाइन घ्यावा की दुकानातून? आणि वॉरंटीवाला माणूस गावात येते काय?

भाव ऑनलाइन कमी असतो, भांडण दुकानात सोपं असतं. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा: आधी पत्त्याचं लेबल, मग सील, मग सिरियल नंबर. विक्रेता कोण आहे तेही पाहा.

वॉरंटी दोन प्रकारची असते. ऑनसाइटमध्ये तंत्रज्ञ घरी येतो, कॅरी-इनमध्ये तुम्हीच सेंटरवर न्यायचा. पण ऑनसाइट लिहिलेलं असलं तरी ते तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आधीच विचारा. धारणी, भामरागड, सिरोंचा अशा ठिकाणी ‘ऑनसाइट’ कागदावरच राहण्याची शक्यता जास्त. बाकी सगळं सारखं असेल तर ज्या ब्रँडचं सेंटर तुमच्या एसटीच्या मार्गावर आहे तोच घ्या. लेनोव्हो, एचपी, डेल, आसुस, एसर यांच्या मशीनमध्ये एका किमतीला फार फरक नसतो; सेंटर ४० किलोमीटरवर आहे की १८०, हा फरक मोठा.

घेतल्यावर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख पाहा. बऱ्याचदा ती माल कारखान्यातून निघाल्या दिवसापासून मोजलेली असते. जीएसटी बिल पाठवलं की खरेदीच्या तारखेपासून दुरुस्त करून मिळते. म्हणून बिलावर सिरियल नंबर पाहिजेच. ‘कच्च्या बिलावर हजार रुपये कमी’ हा सौदा घेऊ नका.

पडणं, पाणी सांडणं साध्या वॉरंटीत येत नाही. हॉस्टेलला जाणाऱ्या मुलासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण घेणं परवडतं. विक्रेत्याच्या एक्स्टेंडेड वॉरंटीऐवजी कंपनीचीच घ्या.

१२. लाइन दिवसातून चारदा जाते. बॅटरी किती वेळ पुरन?

‘१० तास’ या जाहिरातीकडे पाहू नका. बॅटरीचे वॅट-तास पाहा. साधं लिहिणं-वाचणं करताना लॅपटॉप ८ वॅटच्या आसपास खातो. ४२ वॅट-तासाची बॅटरी म्हणजे पाच तास. व्हिडिओ कॉलवर तेच तीन होतात. निवड असेल तर ५० च्या पुढची घ्या.

घरी इन्व्हर्टर असेल तर काळजीच नाही. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी १८०० वॅट-तासांची असते. पंख्यासोबत लॅपटॉपचे २०-२५ वॅट तिला जाणवतही नाहीत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो. साइन वेव्ह बरा. लॅपटॉपसाठी वेगळा यूपीएस घेऊ नका, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. लाइन गेल्यावर बंद पडतो तो राउटर. त्याला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा.

यूएसबी-सीवर चार्ज होणारा असेल तर ६५ वॅटची पॉवर बँक चालते. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. घट जाऊन ५५-६० हाती लागतात, म्हणजे एक पूर्ण चार्ज. साध्या मोबाइलच्या पॉवर बँकेवर मात्र चालणार नाही.

१३. व्होल्टेज कमी-जास्त होते. स्टॅबिलायझर लावू काय?

गरज नाही. अडॅप्टरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. बल्ब मिणमिणत असला तरी लॅपटॉप चार्ज होतो. धोका कमी व्होल्टेजचा नाही, जास्तीचा आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सुटला की घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ दाब येऊ शकतो आणि एका क्षणात टीव्ही, चार्जर, बल्ब सगळं जातं. त्यावर स्टॅबिलायझरचा उपयोग नाही. जास्त दाबाला लाइन तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डात बसवून घ्या. दिवे एकदम जास्त उजळले की आधी मेन स्विच पाडा.

विजा कडकडू लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्पाइक गार्डने थोडा आधार मिळतो, पण घराला अर्थिंग असेल तरच.

१४. चार्जिंगला लावून हात ठेवला की झिणझिण्या येतात. लॅपटॉप खराब आहे काय?

लॅपटॉप नाही, घराची अर्थिंग. अडॅप्टरच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा प्रवाह अर्थच्या तारेत जातो. अर्थिंग तुटलेली असेल तर तो धातूच्या झाकणावरून तुमच्या हातात येतो. उन्हाळ्यात जास्त जाणवतं, कारण अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात मीठ-कोळसा आहे का पाहा, पाणी घाला, आणि बोर्डातली तीन पिनची जोडणी तपासून घ्या. तिसरी पिन कापून दोन पिनच्या प्लगात घुसवणं हा उपाय नव्हे, आजाराचं कारण आहे. चार्जर काढूनही झटका बसत असेल किंवा झिणझिण्यांऐवजी जोरदार धक्का बसत असेल, तर वापर थांबवा.

१५. मे महिन्यात लॅपटॉप तापते आणि चार्जच होत नाही. काय करावं?

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त. बॅटरी ठरावीक उष्णतेच्या वर गेली की मशीन स्वतःच चार्जिंग थांबवतं. तो बिघाड नाही. दुपारी चार्जिंग टाळा, सकाळी करा. गादीवर, उशीवर ठेवू नका, खालची जाळी मोकळी राहू द्या. सतत लावून ठेवायचा असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा: लेनोव्होत व्हँटेज, आसुसमध्ये मायआसुस, एचपीत बायोस.

कूलरच्या झोतात बसू नका. खारपाणपट्ट्यात तर मुळीच नाही. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो, तेच क्षार बारीक तुषारांसोबत पंख्यातून आत जाऊन बोर्डावर बसतात. कूलर बाजूला आणि लॅपटॉप झोताबाहेर, एवढं पाळा.

ज्या खोलीत कापूस भरून ठेवला आहे तिथेही नको. रुईचे तंतू पंख्यामागच्या पात्यांत अडकून नमद्यासारखा थर होतो आणि हवा बंद पडते. वर्षातून एकदा, कापूस विकून झाल्यावर, साफ करून घ्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने उडवू नका: हवेत पाणी असतं आणि पंखा उलटसुलट भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. काडीने पंखा धरून मऊ ब्रशने झाडायचं. तीन वर्षांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला.

१६. पहिल्यांदा चालू करताना काय करायचं? ऑफिस, अँटीव्हायरस, मराठी?

सगळ्यात आधी खातं. दुकानदार स्वतःच्या ईमेलने चालू करून देतो, ते करू देऊ नका. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली, म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की, ज्या खात्याने चालू केलं त्यात जाते. दोन वर्षांनी बोर्ड दुरुस्त केला की मशीन ती मागतं. दुकानदाराचं खातं असेल तर प्रोजेक्टसकट सगळं गेलं. मुलाच्या खात्याने चालू करा, की वहीत लिहून घरी ठेवा.

‘एस मोड’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स चालतात. तो स्टोअरमधून फुकट काढता येतो, परत मात्र लावता येत नाही.

हॉटस्पॉट वापरत असाल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. नाहीतर दिवसाचा दीड जीबी सकाळीच अपडेट खाऊन टाकतं. अपडेट महिन्यातून एकदा, जिथे फायबर आहे तिथे करा. कायमचे बंद करू नका.

ऑफिस सोबत आलं असेल तर पहिल्याच दिवशी मुलाच्या खात्याला जोडा. नसेल तर कॉलेजचा ईमेल असलेल्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वेब आवृत्ती बहुधा फुकट मिळते, नाहीतर लिबरऑफिस. अँटीव्हायरस विकत घेऊ नका, विंडोजचा डिफेंडर पुरे. पायरेटेड सॉफ्टवेअरच्या क्रॅकमधून बरेच व्हायरस येतात.

मराठीसाठी सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर संस्थेत कोणता कीबोर्ड शिकवतात ते आधी विचारा, नाहीतर बोटांना दोनदा शिकवावं लागतं.

१७. हप्त्यावर घेतला तर परवडते काय? शैक्षणिक कर्जात बसते काय?

‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याजाएवढी सूट आधी दिलेली असते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. एकूण किती जाणार तो आकडा लिहून मागा आणि रोखीच्या भावाशी ताडून पाहा. हप्ता चुकला की दंड वेगळा आणि पुढे पीककर्ज घेताना सिबिलचा प्रश्न उभा राहतो.

शैक्षणिक कर्ज काढतच असाल तर लॅपटॉप त्यातच घाला. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाला गरजेचा असेल तर वाजवी किमतीचा संगणक धरता येतो. अर्जासोबतच दुकानाचं कोटेशन जोडा. कर्ज मंजूर झाल्यावर मागून वाढवायला गेलं तर शाखा अडवून धरते.

१८. सरकार फुकट लॅपटॉप देते म्हणे. लिंक आली आहे.

‘पंतप्रधान मोफत लॅपटॉप’ नावाचे व्हॉट्सॲप संदेश खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. लिंक उघडू नका, आधार नंबर देऊ नका, ‘नोंदणी फी’ भरू नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठण्याची आशा जास्त. दुकानाने किंवा साइटने फसवलं असेल तर तो वेगळा मामला, त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

१९. पुण्याचा भाऊ कंपनीचा लॅपटॉप देतो म्हणते. घेऊ?

कंपनीने रीतसर लिहून दिला असेल आणि यादीतून काढला असेल तरच. नाहीतर प्रश्न ८ च्या शेवटी सांगितलेलं कुलूप लागतं आणि भावाची नोकरी अडचणीत येते ती वेगळीच.

२०. मॅकबुक किंवा क्रोमबुक?

जुनं मॅकबुक स्वस्तात मिळालं तरी मॅकच्या स्वतःच्या सिस्टिमवर टॅली, सॉलिडवर्क्स चालत नाहीत आणि दुरुस्तीला बहुधा नागपूर गाठावं लागतं. क्रोमबुक चांगलं नेट असलेल्या घरात ब्राउझर आणि गुगल डॉक्सपुरतं ठीक. जुनं घेण्याआधी त्या मॉडेलला अपडेट कोणत्या साली बंद होतात ते गुगलच्या यादीत पाहा. तारीख उलटून गेलेली क्रोमबुकं बाजारात भरपूर आहेत.

२१. मॉडेल तेच, मित्राचं चांगलं चालते, माझं मंद. असं कसं?

विवोबुक १५ किंवा एचपी १५एस हे एका मशीनचं नाव नाही, त्या नावाखाली अनेक प्रकार विकले जातात. प्रोसेसर, रॅम, पॅनल सगळं वेगळं असू शकतं. खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा. तोही जुळत असेल तर रॅम बघा: ८ ची एकच पट्टी असलेल्यापेक्षा ४ अधिक ४ च्या दोन पट्ट्या असलेल्याचं ग्राफिक्स जास्त पळतं, कारण दोन वाटांनी माहिती जाते. दुसरी पट्टी टाकली की फरक भरून निघतो.

२२. चहा सांडला. आता?

अडॅप्टर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, झाकण उघडून तंबूसारखा उलटा ठेवा. बॅटरी काढता येत असेल तर काढा. चालू होते का म्हणून बघू नका. ओल्या बोर्डात वीज गेली की तिथेच तो जळतो. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, ड्रायरने द्रव आणखी आत जातो. साखरेचा चहा वाळला तरी चिकटून तांब्याच्या रेघा खातो, म्हणून शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. कीबोर्ड बदलावा लागणं नेहमीचं आहे. बोर्डच गेला असेल आणि खर्च मशीनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर एसएसडी तेवढी काढून घ्या. बाहेरच्या केसमध्ये घातली की फाइली परत मिळतात, प्रश्न १६ मधली किल्ली हाताशी असेल तर.